फक्त वाघोलीपर्यंत

पुण्यात बसून जगाची माहिती सांगणारे लोक तेव्हाही पुष्कळ होते. पण कुणी विचारल्यावाचून ती न सांगणारा मला एकच भेटला, आणि तो माझा घरमालक निघाला. पेठेत सगळे त्यांना काका म्हणत, त्यांच्या बायकोला काकू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी वाईहून आलेला, दफ्तरात नवा लागलेला कारकून. सोमवार पेठेत, गोसाव्यांच्या मठांकडून नदीकडं जो रस्ता उतरतो त्यावर त्यांचं घर होतं आणि मागच्या दोन खोल्यांत माझं बिऱ्हाड होतं.

नगरच्या बाजूनं पुण्यात शिरणारा माणूस त्या घरावरूनच जाई. काका सकाळपासून ओट्यावर बसलेले असत. अंगात बाराबंदी, शेजारी तपकिरीची डबी, मांडीवर कागद, कानावर बोरू. यात्रेकरू, शिपाई, बैरागी, घोड्यांचा व्यापारी, जो दिसेल त्याला हाक मारायची, ‘अहो, बसा जरा. पाणी प्या.’ पाणी खरंच देत. वर गुळाचा खडाही देत. तो खडा तोंडात गेला की माणूस अडकला, कारण गूळ चघळताना पळून जाता येत नाही.

मग प्रश्न सुरू होत. पहिला ठरलेला: तुम्ही आलात त्या गावच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का? दुसरा, सकाळी बाहेर जायची सोय किती लांब, आणि वाटेत कुत्री किती. तिसरा, गावात शिरल्यावर पहिला कोण फसवतो. मग धर्मशाळेत ढेकूण आहेत का, असले तर कोणत्या भिंतीला. मीठ मागायचं झालं तर तिथल्या भाषेत काय म्हणायचं. आजारी पडलं तर वैद्य गाठावा की गाव सोडावं. देवळांबद्दल आणि राजवाड्यांबद्दल त्यांनी कधी एक अक्षर विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, ‘काका, रामेश्वराच्या ओवऱ्या फार लांबलचक आहेत म्हणे.’

‘असतील,’ काका म्हणाले. ‘पोटात कळ आली की ओवऱ्या मोजणार आहात का तुम्ही?’

उत्तरं ते कागदाच्या पट्ट्यांवर लिहीत आणि दिशेप्रमाणं आठ रुमालांत बांधून खुंट्यांवर टांगून ठेवीत. आमच्या दफ्तरातही कागद रुमालात बांधतात. फरक एवढाच, की दफ्तरातला कागद हवा तेव्हा सापडत नाही आणि काकांचा सापडत असे. शिवाय त्यांचा एक कडक नियम होता. एका माणसानं सांगितलं तर ती नुसती बाजारगप्प. दोघांनी सांगितलं तर संशय. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तेच सांगितलं, तरच माहिती. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात किती तोंडं झाली याच्या रेघा असत. एका घरच्या माणसांचं, मग ती सात असोत, तोंड एकच धरायचं.

एकदा संगमाकडच्या टोपीकरांपैकी एक तरुण साहेब घोड्यावरून चालला होता. काकांनी त्यालाही थांबवलं. बरोबर दुभाष्या होता. काकांनी आपला दुसरा प्रश्न विचारला, की तुमच्या मुलखात सकाळी बाहेर कुठं बसतात. दुभाष्याचे कान लाल झाले. त्यानं साहेबाला काय विचारलं देव जाणे. साहेबानं मोठ्या आदबीनं उत्तर दिलं, ‘आमच्याकडं कित्येक महिने बर्फ असतं.’

‘कित्येक महिने?’ काका अगदी कळवळून म्हणाले. पट्टीवर त्यांनी लिहिलं, ‘विलायत. लोक फार सहनशील असावेत. एक तोंड.’

ही झाली माहिती गोळा करायची तऱ्हा. ती देण्याची तऱ्हा याहून तुसडी होती. कुठंही निघालेला माणूस आधी काकांकडं येऊन जाई, आणि न निघालेले तर रोजच येत.

‘काका, दिल्लीला पुणेरी पगडी घालून फिरलं तर चालेल का?’

‘पगडी चालेल. तोंड बंद ठेवा.’

‘जगन्नाथपुरीला म्हणे सगळे एकत्र बसून भात खातात. मग घरी आल्यावर काय सांगायचं?’

‘भात खाल्ला एवढंच सांगायचं.’

‘मस्कतचे उंट चावतात का हो?’

‘तुम्ही मस्कतला चालला आहात?’

‘छे! आपलं सहज विचारलं.’

‘मग सहज चावतात.’

रामेश्वराहून आलेला एक सावकार सांगू लागला, की तिथल्या किनाऱ्यावरून मला पलीकडची लंका स्पष्ट दिसली, घरंसुद्धा दिसली. काकांनी बोरू कानावर ठेवला आणि विचारलं, ‘रावण घरी होता का?’ सावकार पुन्हा त्या रस्त्यानं गेला नाही. नदीवर जायलाही तो दोन गल्ल्या वळसा घालून जाई.

आता खरी गोष्ट सांगतो. हा माणूस आयुष्यात पुण्याबाहेर गेला नव्हता. पुण्याबाहेर म्हणजे काशी-रामेश्वर नव्हे. येरवड्याच्या उतारानं नदी ओलांडून पलीकडच्या काठावरसुद्धा नाही. सख्ख्या पुतण्याची मुंज चिंचवडाला होती, तर काकांनी आशीर्वाद लिहून पाठवला आणि सोबत चिंचवडच्या पाण्याची पट्टी पाठवली. मी नवा होतो तेव्हा धीर करून विचारलं होतं, ‘काका, तुम्हांला प्रवासाची भीती वाटते का?’

‘भीती कसली? माहिती अपुरी आहे.’

पेठ त्यांच्या मागं हसत असे. मीही हसत असे. पण एका गोष्टीवर पेठेला हसू येत नव्हतं, आणि ती नदीकाठच्या देवळामागं पिंपळाला टांगलेली होती. काकांच्या आईच्या अस्थी. मरताना आईनं लेकाचा हात धरून सांगितलं होतं, की मला प्रयागला सोड, पण दुसऱ्या कुणाच्या हातानं नको, तुझ्याच हातानं सोड. काकांनी हो म्हटलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली होती. अस्थी घरात आणायच्या नाहीत म्हणून लाल फडक्यात बांधलेलं ते मडकं पिंपळाच्या फांदीला लटकत होतं. दर दिवाळीनंतर उत्तरेकडं यात्रेकरूंचा संघ निघे, त्या संघातल्या प्रत्येकाला काका मुक्कामवार पट्ट्या लिहून देत, लोक आपापल्या आईबापांच्या अस्थी घेऊन जात, सोडून येत आणि काकांचे पाय धरत. काकांची आई फांदीवरच.

कारणं दर वर्षी नवी असत. एका वर्षी नर्मदेच्या उताराबद्दल दोनच तोंडं झाली. एका वर्षी सिरोंजच्या पुढं लुटारू होते. एका वर्षी लुटारू नव्हते, तर काका म्हणाले, ‘नाहीत म्हणजे कुठं गेले, हे कळल्याशिवाय निघणं बरं नव्हे.’

काकू तोंडानं काही कमी नव्हत्या. ‘सासूबाईंना झाडावर नऊ वर्षं झाली,’ त्या मला म्हणायच्या. ‘पाखरांच्या तीन-चार पिढ्या त्यांच्या ओळखीच्या झाल्या असतील.’ पण हे म्हणताना त्या नदीच्या दिशेला हात जोडायच्या. सासूनं त्यांना आठव्या वर्षापासून वाढवलं होतं. मला काकांचा खरोखर राग येई. जगाला वाटा सांगणारा माणूस आपल्या आईला ताटकळत ठेवतो म्हणजे काय?

त्या वर्षी माझी नेमणूक काल्पीच्या बाजूला एका कचेरीत झाली. संघाबरोबरच जायचं ठरलं. पुढं चार दिवस काढून प्रयाग करून यायची परवानगीही मी घेतली. ते कळताच काकू माझ्या दारात आल्या.

‘भावजी, मीही येत्ये. सासूबाईंना घेऊन.’

काका ओट्यावरून आत आले. ‘असं कसं? आईनं माझ्या हातानं सोड म्हणून सांगितलंय.’

‘मग हात द्या बरोबर,’ काकू म्हणाल्या. ‘बाकीचे राहा घरी.’

निघायच्या दिवशी सकाळी काकांनी काकूंच्या हातात पट्ट्यांचा गठ्ठा ठेवला. काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला. ‘मला वाचता येतं का?’

‘हे कारकून वाचून दाखवतील.’

‘ते त्यांच्या कामाला चाललेत. तुम्ही तोंडी सांगा. नदीपर्यंत चला, चालता चालता सांगा.’

काका जसे होते तसे निघाले. पायांत घरातल्या जुन्या वहाणा, हातात पट्ट्या, डबी कमरेला. नदीपर्यंत जेमतेम दोन मुक्काम सांगून झाले. उतारावर संघाचे बैल पाण्यात शिरले आणि काका थबकले. त्यांच्या पट्टीप्रमाणं मार्गशीर्षात तिथं मांडीभर पाणी असायला हवं होतं. बैलांच्या पायांवरून ते गुडघाभरच दिसत होतं. काकांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं आणि खात्री करायला पाण्यात उतरले. काठाशी गुडघाभर. मग मधे किती? मधेही गुडघाभरच. नदीच्या मधोमध उभं राहिल्यावर मागं जाणं आणि पुढं जाणं सारखंच होतं, आणि पुढं काकू पिंपळावरून उतरवलेलं मडकं घेऊन चालल्या होत्या. काका पुढं आले. साठीला टेकलेल्या माणसानं पहिल्यांदा पलीकडच्या काठावर पाय ठेवला आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, ‘इथली माती चिकट आहे. कुणी सांगितलं नव्हतं.’

दुपारी खराडीला विहिरीवर थांबलो. काका परत फिरायचं म्हणत होते. उन्हं कलली की निघतो म्हणाले. तेवढ्यात मोट हाकणारा शेतकरी दिसला आणि काकांना राहवेना. त्याला त्यांनी डाळीपासून विचारायला सुरुवात केली.

‘डाळ व्हय? शिजती की,’ तो म्हणाला. ‘पानी ग्वाड हाय हितलं. पर म्होरं वाघुलीला मुक्काम करू नगा. तळं आटलंया.’

‘वाघोलीचं? बारमाही तळं ते!’ काकांनी पट्टी काढली. ‘तीन तोंडं आहेत माझ्याकडं.’

‘तोंडं असतील. पानी न्हाई.’

काकांचा चेहरा उतरला. वाघोली हा पुण्याहून निघणाऱ्या प्रत्येकाचा पहिला मुक्काम. ‘अहो, शेकडो माणसं पाठवली मी त्या तळ्यावर,’ ते मला म्हणाले. ‘बायका, म्हातारी माणसं. कोरड्या तळ्याकाठी बसून त्यांनी मला काय म्हटलं असेल?’ मग थोडा वेळ तपकीर ओढून त्यांनी ठरवलं, ‘फक्त वाघोलीपर्यंत येतो. डोळ्यांनी बघतो आणि उद्या सकाळी परत.’

वाघोलीचं तळं काठोकाठ भरलेलं होतं. बदकं पोहत होती. काकांनी काठावरून वाकून पाण्यात हात बुडवून पाहिला. मला नंतर आठवलं, की खराडीला काकू त्या शेतकऱ्याच्या बायकोशी आडोशाला काहीतरी बोलत होत्या आणि दोघी हसत होत्या.

‘झालं ना? लिहा भरलेलं आहे म्हणून,’ मी म्हटलं.

‘कसं लिहू? मी पाहिलं म्हणजे एकच तोंड झालं.’ समोर तळं लाटा मारत होतं आणि काकांनी पट्टीवर ‘गप्प’ असं लिहिलं. या माणसाच्या प्रामाणिकपणापुढं हात टेकले मी.

सकाळी ते परत निघणार, तोच काकू चुलीशी बसून सहज म्हणाल्या, ‘कोरेगावची धर्मशाळा जळाली म्हणे.’ काका वहाण पायात घालता घालता थांबले. कोरेगावची धर्मशाळा उभी होती. तिथून पुढं रांजणगावची विहीर ढासळली. ती ढासळलेली नव्हती. मग काकूंनी मलाही कामाला लावलं. मी दफ्तरातला माणूस, मजकूर रचायची सवय होतीच. सुप्याच्या ढेकणांनी भिंत बदलली असं मी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की काका ते पाहायला तांबडं फुटताच माझ्या पुढं चालू लागले.

रोज संध्याकाळी म्हणत, ‘उद्या सकाळी परत.’ रोज सकाळी पुढं निघत. नगरला पोचेपर्यंत त्यांचा आमच्यावरचा विश्वास उडाला. ‘तुम्ही दोघं मिळून आता एक तोंड,’ त्यांनी जाहीर केलं. तेव्हा काकूंनी संघातल्या एका साताऱ्याच्या म्हातारीला हाताशी धरलं आणि संघाच्या पुढाऱ्यालाही. तिसरं तोंड मिळाल्यावर नियमानं काकांना काही बोलता येईना.

नगरलाच एकदा ते खरंच अडून बसले. ‘घर उघडं आहे. तुळशीला पाणी कोण घालणार?’

‘शेजारणीला सांगून आल्ये,’ काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या.

‘किती दिवसांचं?’

‘फाल्गुनापर्यंतचं.’

काकांनी भाकरीचं ताट पुढं ओढलं. पुढं बऱ्हाणपूरला थंडीनं दात वाजायला लागले तेव्हा काकूंनी आपल्या गाठोड्यातून काकांचा कापूस भरलेला अंगरखा काढून पुढं टाकला. काका त्याच्याकडं बघतच राहिले. ‘हा इथं कसा आला?’

‘चालत. तुमच्याआधीच निघाला होता पुण्याहून.’

वाटेत काकांना फार त्रास झाला, पण तो चालण्याचा नव्हता. पट्ट्यांचा होता. जिथं ‘डाळ शिजते’ म्हणून लिहिलं होतं तिथं डाळ गोट्यांसारखी टणक राहिली, की ते त्या विहिरीशी भांडल्यासारखे उभे राहत. जिथं पहिला फसवणारा पानवाला लिहिला होता तिथं पानवाल्यानं उलट दोन विडे जास्त दिले, तर काका अस्वस्थ. ‘हा चांगला कधीपासून झाला?’ असं त्याला तोंडावर विचारलं त्यांनी. त्यानं विडे परत घेतले, तेव्हा कुठं काकांच्या जिवाला बरं वाटलं.

नर्मदेच्या काठी एका सकाळी आम्ही दोघं नावेची वाट बघत बसलो होतो. काकू मडकं मांडीवर घेऊन थोड्या लांब बसल्या होत्या. काका हळूच म्हणाले, ‘कारकून, मला कळत नाही असं समजू नका.’

‘काय ते?’

‘ही बाई मला कुठं नेत्ये ते. खराडीलाच कळलं होतं.’

‘मग परत का नाही गेलात?’

‘जाऊन काय करू? आई पुढं चाललीय.’ त्यांनी डबी उघडली, तपकीर घेतली नाही, पुन्हा मिटली. ‘तुम्ही सगळे म्हणता, मी वाटेला भितो. मी वाटेला भीत नाही हो. पिंपळाखाली रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, ते तुम्हांला ठाऊक नाही. दिवसभर कोण आलं, कोण गेलं, ते सांगायचो तिला. एकदा सोडली की पुण्यात आई नाही. मग सांगायचं कुणाला?’

इतके दिवस मी या माणसावर रागावलो होतो त्याची लाज वाटली.

‘मला कळलंय हे तिला सांगू नका मात्र,’ काका उठता उठता म्हणाले. ‘उद्या सकाळी परत, असं म्हणायला बरं वाटतं मला.’

मी सांगितलं नाही. काकूंना ते ठाऊक नव्हतं असं मात्र मला वाटत नाही.

प्रयागला पोचलो तेव्हा पौष सरत आला होता. दक्षिणेकडच्या यात्रेकरूंचं काम बघणारा पंडा धर्मशाळेतच येऊन उभा राहिला. गोरा, जाडजूड, मोडकं मराठी बोलणारा. काकांनी त्याला सात प्रश्न विचारले. त्यानं सातांचीही उत्तरं दिली आणि म्हणाला, ‘आता माझी बारी. मी पण लिहितो.’ त्याच्या बगलेत लांबट चोपडी होती. कोणत्या गावचा कोण कधी आला, कुणाला सोडून गेला, हे सगळं त्यात पिढ्यानपिढ्या लिहिलेलं. काकांनी ती चोपडी ज्या नजरेनं पाहिली त्या नजरेनं लोक देवाकडं पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नावेत बसलो. काका, काकू, मी, पंडा आणि नावाडी. मडकं काकांच्या मांडीवर होतं. गंगा-यमुना जिथं मिळतात तिथं नावाड्यानं वल्हं थांबवलं. पंड्यानं चोपडी उघडली.

‘गोत्र?’ काकांनी सांगितलं. ‘बाप, आजा, पणजा?’ तेही खडखडीत सांगितलं. ‘माताजींचं नाव?’ सांगितलं. ‘त्यांचे पिताजी?’ तर्पणात रोज घ्यायचं नाव, तेही तोंडपाठ.

‘आता बोला, माताजींचा मायका कुठला? त्यांच्या गावचा कोणी आला असेल तर त्याच पानावर लिहितो. जोडून राहील.’

‘कोकणातला,’ काका म्हणाले.

‘कोकणात कुठं?’

‘कोकणात... खाली. समुद्राकडं.’

‘सगळं कोकण समुद्राकडं आहे, महाराज. गाव?’

आजोळ काकांनी पाहिलंच नव्हतं; आई लहानपणी लग्न होऊन आली ती आली, माहेरी मागं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार?

‘लग्नाआधीचं नाव तरी? ते पण लिहितो मी.’

मस्कतला मिठाला काय म्हणतात ते ठाऊक असलेला माणूस मडकं धरून नुसता बसला होता. एवढा गोंधळलेला, एवढा केविलवाणा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. हसू येण्यासारखी वेळ होती, पण नावेत कुणी हसलं नाही.

तेव्हा काकू बोलल्या. ‘लिहा. गुहागरच्या पलीकडं खाडीवर एक वाडी आहे, तिथल्या. माहेरचं नाव चिमणी. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा. लग्न झालं तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. घाट चढून आल्या तेव्हा बैलावर उलट्या तोंडानं बसल्या होत्या, समुद्र दिसायचा बंद होईपर्यंत. पुण्याला आल्यावर सासरच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, इथं समुद्र कुठं आहे? सगळे हसले. पुढं त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.’

पंड्याचा बोरू थांबला होता. काका बायकोकडं बघत होते. ‘तुला कुणी सांगितलं हे?’

‘मी विचारलं त्यांना. दोघी धुणं धुवायला जायचो ना.’

‘मला का नाही सांगितलं तिनं?’

‘तुम्ही दुसऱ्यांना विचारण्यात असायचात.’ काकूंच्या बोलण्यात या खेपेला टोमणा नव्हता. त्या रडत होत्या.

मग काकांनी विचारायला सुरुवात केली. घर कसं होतं? भावंडं किती? आईला पोहता येत होतं का? मासे खाणाऱ्यांच्या वाडीत तिच्या मैत्रिणी होत्या का? घाटात रडली का? काकू सांगत गेल्या. जे ठाऊक नव्हतं तिथं नाही म्हणाल्या. एकाही उत्तराला काकांनी दुसरं तोंड मागितलं नाही. सूर्य चांगला वर आला. आजूबाजूच्या नावा आल्या आणि गेल्या. पंडा दोनदा खाकरला आणि मग त्यानंही चोपडी मिटून हनुवटीखाली हात घेतला.

शेवटी प्रश्न संपले. काकांनी फडकं सोडलं, मडकं दोन्ही हातांत धरलं आणि नावेच्या कडेला वाकले. वाकले ते वाकलेच.

‘हे पाणी समुद्राला जातं ना?’ त्यांनी नावाड्याला विचारलं.

‘जाता है, बाबा.’

‘पण तो पूर्वेचा समुद्र,’ काका काकूंकडं वळून घाईघाईनं म्हणाले. ‘आईचा पश्चिमेचा. दोन्हींच्या मधे केवढं अंतर आहे तुला ठाऊक नाही. तिला वाट कशी सापडेल?’

मडकं पुन्हा मांडीकडं येऊ लागलं होतं. मला वाटलं, आता हे सगळं फुकट गेलं, हा माणूस आईला परत पुण्याला नेणार.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं. ‘आठ वर्षांची पोर बैलावर बसून घाट चढून आली. मुकाट्यानं आली. आता पाण्यानं घरी जायला तिला वाट सांगायला नको. सोडा.’

काकांनी सोडलं. मडकं गेलं तरी दोन्ही हात कितीतरी वेळ पाण्यातच होते, आणि नावाड्यानं वल्हं उचललं नाही.